आपण ‘पास’ झालो. आता पुढच्यांचं काय?



"ताई, रिपोर्टवर ‘ऑटिझम’ हा शब्द लिहू नका, असं डॉक्टरांना सांगता येतं का हो?"

गेल्या महिन्यात वेंटवर्थव्हिल स्टेशनजवळच्या एका युनिटमध्ये माझ्यासमोर चहाचा कप ठेवत एका मुलीनं मला हे विचारलं. मुलगीच म्हणायची, जेमतेम तिशीची आहे. मूळची कराडकडची. नवरा आयटीत, ४८२ व्हिसावर. मुलगा चार वर्षांचा. वर्षाचा असताना त्याला कडेवर घेऊन हे दोघं सिडनीला उतरले. तो अजून बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही. पण स्टेशनातून गाडी सुटली की खिडकीशी धावतो आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत हलत नाही. चाइल्डकेअरच्या बाईंनी आतापर्यंत तीनदा सांगितलं, पीडियाट्रिशियनला दाखवा. यांनी अजून दाखवलेलं नाही. कारण पुढच्या वर्षी पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज करायचा आहे.

(कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे.)

मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. आधी माझ्याबद्दल थोडं, कारण या प्रश्नात मीही आरोपी आहे.

आम्ही २००३ मध्ये पर्मनंट रेसिडेन्सी हातात घेऊनच इथे आलो. २००५ मध्ये मुलगी झाली, अर्थातच जन्मानं ऑस्ट्रेलियन. २०११ मध्ये, सहा वर्षांची असताना, तिला टाइप १ डायबिटिस असल्याचं निघालं. आठ दिवस सारखी पाणी पीत होती, रात्री अंथरूण ओलं करत होती, बघता बघता गाल बसले. आपल्या घरापासून एका स्टेशनावर, वेस्टमीडला, मुलांचं मोठं हॉस्पिटल आहे. १९९५ मध्ये ते कॅम्परडाउनहून इकडे हलवलं. तिथे आम्ही काही दिवस काढले. इंजेक्शन कसं द्यायचं, पोळीतले कार्बोहायड्रेट कसे मोजायचे, साखर एकदम उतरली तर काय करायचं, हे मला आणि नवऱ्याला पुन्हा पुन्हा शिकवलं. सोशल वर्कर येऊन बसली. शाळेसाठी काळजीचा लेखी आराखडा झाला. घरी निघताना मी पर्स उघडून विचारलं, पैसे कुठे भरायचे? नर्सला प्रश्नच कळला नाही.

पुढे इन्सुलिन सरकारी सवलतीच्या दरात. सुया आणि स्ट्रिप्स एनडीएसएस या योजनेतून, जी १९८७ पासून चालू आहे. २०१७ च्या एप्रिलपासून २१ वर्षांखालच्या मुलांना ग्लुकोजचा सेन्सर फुकट मिळू लागला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मी रात्रभर सलग झोपले. २०२२ पासून ती सवलत टाइप १ च्या सगळ्याच वयाच्या लोकांना मिळाली, मोठ्यांना थोडे पैसे भरून. पुण्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलाला हाच आजार आहे. तिथे सेन्सर, स्ट्रिप, इन्सुलिन, सगळं खिशातून. भारताच्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलही आले, पण टाइप १ डायबिटिस आला नाही. बहीण मला फोनवर म्हणते, "तुमचं बरं आहे गं." आमचं बरं आहे, हे अगदी खरं आहे.

पण हे सेन्सर कोणी मिळवून दिले? त्यासाठी वर्षानुवर्षं आईबाप आपल्या पोरांना घेऊन कॅनबेराला जात होते, खासदारांसमोर बसून बोटाला सुई टोचून दाखवत होते. मी एकदाही गेले नाही. ऑफिसात रजा नाही, असं स्वतःला सांगायची. खरं कारण वेगळं होतं. आपल्या मंडळींना कळू नये, असं मला वाटायचं. गणपतीच्या कार्यक्रमात मी लेकीला बाथरूममध्ये नेऊन इंजेक्शन देत असे. एकीला कळलं तेव्हा तिनं विचारलं, "लहानपणी गोड फार दिलंत का?" दुसरी म्हणाली, "मुलीची जात आहे, चारचौघांत बोलू नका." टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. त्याचा लाडूंशी काही संबंध नाही, गेल्या जन्मीच्या पापाशी तर नाहीच नाही. हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले. इंजिनियर, एमबीए, विज्ञानवादी वगैरे असूनसुद्धा.

म्हणजे बघा, मी लाजेपोटी लपवत होते. कराडची ही मुलगी भीतीपोटी लपवते आहे. आणि तिची भीती पूर्णपणे साधार आहे.

तराजू कसा चालतो

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी ‘मेडिकल’ करावं लागतं हे आपल्याला ठाऊक आहे. आपण सगळे ते पास होऊनच इथे बसलो आहोत. टीबी आहे का, हे बघतात. ते ठीक आहे, तो साथीचा प्रश्न आहे. पण त्याच तपासणीत दुसरा एक हिशोब असतो, ज्याचा संसर्गाशी काही संबंध नाही. या माणसाच्या आजारावर किंवा अपंगत्वावर सरकारचा किती खर्च होईल, याचा तो हिशोब. त्याची एक मर्यादा ठरलेली आहे. २०१० च्या सुमारास ती २१,००० डॉलर होती. हळूहळू वाढत ५१,००० झाली आणि २०२४ च्या जुलैपासून ८६,००० डॉलर. आजार कायमचा असेल तर हा खर्च दहा वर्षांपर्यंतचा मोजतात. म्हणजे वर्षाला ८,६०० डॉलर.

आता हा हिशोब करून बघा. एनडीआयएसमध्ये स्पीच थेरपीचा दर तासाला सुमारे १९४ डॉलर. आठवड्याला एक तास, वर्षातले ४५ आठवडे. झाले ८,७३० डॉलर. हा हिशोब माझा आहे, सरकारी डॉक्टरचा नाही. पण चार वर्षांच्या मुलानं ‘आई’ म्हणावं यासाठी आठवड्यातला एकच तास दिला तरी आकडा कुठे जातो, ते यावरून दिसतं.

यापुढची गंमत ऐका. तुम्ही म्हणालात, "आम्हाला सरकारचा एक पैसा नको, आम्ही स्वतः खर्च करू, तसं लिहून देतो", तर त्याला किंमत नाही. मुलगा ती सेवा प्रत्यक्षात वापरणार आहे की नाही, हे बघितलं जातच नाही. तसं दुखणं असलेल्या एखाद्या काल्पनिक माणसावर किती खर्च होईल, एवढंच मेडिकल ऑफिसर ठरवतो. त्याचं मत ट्रायब्युनललाही बरोबर धरूनच चालावं लागतं. आणि एक नापास झाला की सगळं कुटुंब नापास. बापाचा अनुभव, आईची डिग्री, मोठ्या बहिणीची शाळा, सगळं एका मुलाच्या पारड्यात. काही व्हिसांमध्ये सूट मागता येते, काहींमध्ये तीही सोय नाही.

अपंगांशी भेदभाव करू नये असा कायदा या देशात १९९२ पासून आहे. मग त्यात हे कसं बसतं? बसत नाहीच. म्हणून त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमानं इमिग्रेशनला वगळून ठेवलं आहे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियानं अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, तेव्हाही आरोग्याच्या या अटीपुरतं स्पष्टीकरण जोडून स्वतःला मोकळं ठेवलं. शेजाऱ्याला घरी बोलवायचं आणि जेवणाचं पान मांडायच्या आधी त्याचं वजन करायचं, असा हा प्रकार आहे.

इथे राहून, कर भरून वाट बघणाऱ्या मुलांचं काय? भारताचा ऑस्ट्रेलियाशी आरोग्यसेवेचा परस्पर करार नाही, त्यामुळे ४८२ वाल्या भारतीय कुटुंबाला मेडिकेअर नाही. पर्मनंट रेसिडेन्सी नाही म्हणून एनडीआयएसचा प्लॅन नाही. खासगीत ऑटिझमची पूर्ण तपासणीच हजारोंच्या घरात जाते. न्यू साउथ वेल्समध्ये अशा बऱ्याच कुटुंबांना सरकारी शाळेचीही फी भरावी लागते. मुलाच्या वाढीची पहिली पाच-सहा वर्षं, जेव्हा मदतीचा सर्वात जास्त उपयोग होतो, ती फॉर्म भरण्यात आणि निकालाची वाट बघण्यात जातात. मग एक दिवस रेसिडेन्सी मिळते, तोवर मुलगा आठ वर्षांचा झालेला असतो. किंवा मिळतच नाही.

आपल्यालाही याच तराजूनं मोजलं होतं

हा तराजू कधीचा आहे? १९०१ चा. त्या वर्षीच्या इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन कायद्यात कोणाकोणाला देशात घ्यायचं नाही याची यादी होती. पहिल्या क्रमांकावर ती कुप्रसिद्ध डिक्टेशन टेस्ट: कुठल्याही युरोपीय भाषेतले पन्नास शब्द ऐकून लिहून दाखवा. ती आपल्यासाठी होती, आशियातल्या काळ्या-पिवळ्या माणसांसाठी. त्याच यादीत खाली होते वेडे, ‘इडियट’, आणि सरकारवर किंवा धर्मादाय संस्थांवर भार होण्याची शक्यता असलेले लोक.

म्हणजे एकाच कायद्याच्या एकाच कलमात आपण आणि ती मुलं शेजारी शेजारी उभे होतो. डिक्टेशन टेस्ट १९५८ मध्ये गेली. व्हाइट ऑस्ट्रेलिया धोरण १९७३ मध्ये संपलं. ते आपल्या गुणवत्तेवर भाळून संपवलेलं नाही. या देशातल्या विद्यार्थ्यांनी, युनियनवाल्यांनी, चर्चमधल्या माणसांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला, तेव्हा संपलं. त्यातल्या बहुतेकांना आपण इथे येऊ न येऊ याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आपण त्या दरवाज्यानं आत आलो. यादीतला खालचा भाग वेगळ्या, सभ्य भाषेत अजून शिल्लक आहे, आणि आपण म्हणतो, "नियम म्हणजे नियम."

आपल्यात काय बोललं जातं

हा विषय मी तीन-चार घरांत काढून पाहिला. सगळे शिकलेले, चांगल्या नोकऱ्यांतले, बरेचसे पुरोगामी विचारांचे. ऐकलेली उत्तरं अशी:

१. "शेवटी आपल्या टॅक्समधून जाणार ना?"

हो, जाणार. पण ४८२ वरचा माणूसही पहिल्या पगारापासून आपल्यासारखाच इन्कम टॅक्स भरतो. मेडिकेअर लेव्हीतून त्याला सूट मिळू शकते हे खरं, पण एनडीआयएस काही केवळ लेव्हीवर चालत नाही, ते सरकारच्या एकूण तिजोरीतून चालतं. त्या तिजोरीत तो भर घालतो आणि त्याच्या मुलाला त्यातलं काही मिळत नाही. कोण कोणाला पोसतंय, ते एकदा कागदावर मांडून बघा. तेव्हाही माझं खरं म्हणणं तेवढ्यावर टेकलेलं नाही. बापानं कर भरला म्हणून मुलाला हक्क मिळतो, हा हिशोब विम्याच्या कंपनीचा झाला. माझ्या मुलीला २०११ मध्ये इन्सुलिन दिलं तेव्हा कोणी माझी टॅक्स फाइल मागितली नव्हती.

२. "नियम माहीत असूनच आले ना?"

चार वर्षांचा मुलगा कुठले नियम वाचून आला? वर्षाच्या बाळात ऑटिझम कोणाला दिसतो? आमच्या लेकीचा आजार आम्ही इथे स्थिर झाल्यावर निघाला, म्हणून आम्ही ‘पास’. तोच तिच्या जन्माच्या जागी आणि तारखेत थोडा फरक पडून, अर्ज चालू असताना निघाला असता तर? मर्यादा तेव्हा आजच्या चौथ्या हिश्शाइतकी होती. आपल्यात आणि त्या कुटुंबात फरक लायकीचा नाही, तारखेचा आहे.

३. "मग जगभरचे आजारी लोक इकडेच येतील."

कॅनडानं २०१८ मध्ये आपली खर्चाची मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षणाचा खर्च हिशोबातून काढला. कॅनडा अजून उभा आहे. ऑस्ट्रेलियानंही २०२४ मध्ये विशेष शिक्षण वगळलं, आणि त्यानं आभाळ कोसळलं नाही. स्किल्ड व्हिसा मिळवायला किती पॉइंट, किती आयईएलटीएस, किती अनुभव लागतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अपंग मूल असलेले आईबाप हे सगळं फुकटच्या थेरपीसाठी करतात, असं ज्याला वाटतं त्यानं असं एक घर आतून पाहिलेलं नाही.

४. "एनडीआयएसमध्ये किती फ्रॉड चाललाय!"

चाललाय. त्यासाठी सरकारनं २०२२ मध्ये वेगळं पथकही नेमलं. पण फ्रॉड कोण करतं? खोटी बिलं लावणारे प्रोव्हायडर. व्हीलचेअरवरचं मूल नाही. आणि इथे आपण जरा आपल्याच वस्तीकडे बघू या. हॅरिस पार्कपासून ब्लॅकटाउनपर्यंत आपल्या देशबांधवांनी किती प्रोव्हायडर कंपन्या काढल्या आहेत? बहुतेक प्रामाणिक आहेत, काही नाहीत. आणि त्यांच्याकडे रात्रपाळीला कोण असतं? स्टुडंट व्हिसावरची आपली मुलंमुली. ती दुसऱ्याच्या मुलाला आंघोळ घालतात, भरवतात, फिरायला नेतात. उद्या त्यांच्याच पोटी तसं मूल आलं तर त्याला ही सेवा मिळणार नाही. या सेवेसाठी त्यांचे हात चालतात. त्यांचं मूल चालत नाही.

५. "हे प्रश्न इथल्या लोकांचे. आपण पाहुणे."

वीस वर्षं मतदान करणारा पाहुणा मी तरी पाहिलेला नाही. घराच्या किमती आणि सिलेक्टिव्ह स्कूल या विषयांवर बोलताना आपण कधी पाहुणे नसतो.

दान आणि हक्क

आपला मूळ घोटाळा वेगळा आहे. महाराष्ट्रात आपण वाढलो ते अपंगांसाठी काम करणाऱ्या थोर माणसांच्या गोष्टी ऐकत. मुंबईतली १९४४ पासूनची जय वकील शाळा, बाबा आमट्यांचं आनंदवन, गावोगावच्या छोट्या संस्था. या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यातून आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलं: अपंग मूल म्हणजे कोणीतरी त्यागी माणसानं सांभाळायचं, आणि आपण वर्षातून एकदा चेक लिहायचा. तिकडे आता कायदा झाला, २०२२ मध्ये महाराष्ट्रानं वेगळं दिव्यांग कल्याण खातं काढलं. (‘दिव्यांग’ हा शब्द मी स्वतः वापरत नाही. त्या मुलांना देवपण नको आहे, रॅम्प हवा आहे.) तरी दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलात रांग लावणाऱ्या आईला ‘लाभार्थी’च म्हणतात.

इथलं एनडीआयएस कोणाच्या त्यागातून आलेलं नाही. अपंग माणसं आणि त्यांचे आईबाप रस्त्यावर आले, २०११ मध्ये प्रॉडक्टिव्हिटी कमिशननं सध्याची व्यवस्था अपुरी आणि अन्यायकारक असल्याचं सांगितलं, २०१३ मध्ये कायदा झाला, आणि २०१४ पासून सगळ्यांची लेव्ही दीडवरून दोन टक्के झाली. आज सात लाखांहून जास्त लोक त्यात आहेत. त्यात दोष पुष्कळ आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं आठ वर्षांपर्यंतच्या, सौम्य ते मध्यम गरज असलेल्या मुलांना एनडीआयएसबाहेरच्या ‘थ्रायव्हिंग किड्स’ योजनेत वळवायचं जाहीर केलं, त्याबद्दलही अनेक पालक धास्तावले आहेत. पण त्यामागची कल्पना हक्काची आहे, आणि हक्क मागावा लागतो.

सार्वजनिक या शब्दाचा अर्थ तर आपल्याला कोणी शिकवायला नको. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला: सरकारी पैशानं चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. ठराव मंजूर झाला आणि कागदावरच राहिला. म्हणून १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. तळं सार्वजनिक होतं. फक्त कोणाचा हात त्या पाण्याला लागावा, हे काठावरचे लोक ठरवत होते. आज आपण काठावर बसलेले लोक आहोत. जयंतीला भाषणं करायची आणि काठावर बसून पुढच्याला "आधी मेडिकल दाखव" म्हणायचं, हे दोन्ही एकत्र जमणार नाही.

मंत्र्याची कृपा

"अहो, पण खरी गरज असेल तर सूट मिळते की." मिळते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरियातल्या हॉर्शम गावात डॉक्टरांची टंचाई असताना तिथल्या जर्मन डॉक्टरचा अर्ज फेटाळला, कारण मुलाला डाउन सिंड्रोम. गाव पेटून उठलं, पेपरात आलं, महिन्याभरात मंत्र्यानं निकाल फिरवला. २०२३ मध्ये पर्थच्या एका केरळी कुटुंबाचं तेच. आईबाप दोघंही तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात, दहा वर्षांच्या मुलाला डाउन सिंड्रोम. हजारोंनी सह्या केल्या, देश सोडायची तारीख जवळ आली, तेव्हा मंत्र्याची सही झाली.

आनंदच आहे. पण मंत्र्यानं हस्तक्षेप करायलाच हवा असं कायद्यात कुठेही नाही. ज्याचं गाव पेपरात येतं, ज्याच्या मुलाचा फोटो गोड येतो, ज्याला टीव्हीवर इंग्रजीत बोलता येतं, त्याला कृपा मिळते. बाकीचे गुपचूप तिकिटं काढतात. आपल्या ओळखीतून असं एखादं कुटुंब ‘आईवडिलांसाठी’ म्हणून अचानक भारतात परतलेलं आठवतंय का? नीट आठवून बघा.

२०१० मध्ये संसदेच्या समितीनं या सगळ्याची चौकशी करून सुधारणा सुचवल्या. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अपंगांवरच्या अत्याचारांच्या रॉयल कमिशननं ५२ व्या कलमाचा फेरविचार करा म्हणून सांगितलं. २०२४ मध्ये मर्यादा वाढली ती ‘वेलकमिंग डिसअॅबिलिटी’सारख्या मोहिमांच्या रेट्यामुळे. म्हणजे हलवलं तर हलतं. त्यात मराठी आवाज किती होते? मी माझ्यापुरतं सांगते: माझा नव्हता.

काय करता येईल

एक. आपल्या खासदाराला पत्र. तीन मागण्या: ५२ व्या कलमातली पळवाट बंद करा, एक नापास तर सगळे नापास हा नियम काढा, आणि या देशात राहणाऱ्या लहान मुलाला सुरुवातीच्या थेरपीसाठी व्हिसाचा नंबर विचारू नका. पश्चिम सिडनीत आपली मतं किती मोलाची झाली आहेत, हे दर निवडणुकीत आपल्या दिवाळीला येणाऱ्या उमेदवारांवरून कळतं. एकदा तरी त्यांच्याकडून शालीऐवजी उत्तर घेऊ या.

दोन. ज्यांच्या घरी असं मूल आहे आणि कागदपत्रं पक्की आहेत, त्यांनी बोलावं. मी सुरुवात केली आहे. माझी लेक आता बाथरूममध्ये जात नाही, पंगतीत बसूनच पंपाचं बटण दाबते. चार लोक बघतात, विचारतात, ती सांगते. आपण लपवतो तोवर व्हिसावाल्या आईला वाटत राहतं, की सबंध वेंटवर्थव्हिलमध्ये असं मूल फक्त आपल्याच घरी आहे.

तीन. आपल्या कार्यक्रमांच्या हॉलमध्ये व्हीलचेअर जाते का, कर्कश स्पीकरचा त्रास होणाऱ्या मुलाला बसायला शांत खोली आहे का, एवढं तरी बघावं. याला कॅनबेराची परवानगी लागत नाही.

शेवटी, त्या मुलीला मी काय सांगितलं? सांगितलं, की डॉक्टरला असं विचारू नकोस. आजार लपवून अर्ज केला आणि पकडलं गेलं तर खोट्या माहितीचा ठपका येतो, तीन वर्षं नवीन व्हिसा मिळणं बंद होऊ शकतं. अर्जाआधी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील गाठ, तुझ्या व्हिसात सूट मागता येते का ते विचार. आणि तपासणी थांबवू नकोस. लेकराचं वय व्हिसासाठी थांबत नाही.

सल्ला बरोबर होता. देताना मात्र माझी मान खाली होती. कारण मी तिला सांगत होते, की खरं बोल आणि त्याची शिक्षा झाली तर भोग. ज्या देशाची मी अभिमानानं नागरिक झाले, ज्यानं माझ्या लेकीला वाचवलं, त्याच देशाच्या वतीनं मी हे सांगत होते.

ती ऐकून घेत होती. मध्येच बाहेरून गाडी गेली, तो पोरगा उठून खिडकीशी धावला. ती म्हणाली, "ताई, तुम्ही याल का आमच्याबरोबर डॉक्टरांकडे?"

पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट आहे. मी रजा टाकली आहे. तुम्ही पत्र लिहा.

आपली,
वेंटवर्थव्हिलची एक आई